फुफ्फुसातलं पाणी: एकाचं दोन दिवसांत उतरतं, दुसऱ्याला तीन आठवडे का लागतात?

हिंगण्याकडच्या एका तरुणाने विचारलेला हा प्रश्न आहे. मे महिन्यात त्याच्या वडिलांना उन्हाने थकवा आला. वय ६२, एक हार्ट अटॅक येऊन गेलेला. जवळच्या दवाखान्यात सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या. रात्री ते दचकून उठले, आडवं होता येईना, धाप लागली, तोंडाशी गुलाबीसर फेस आला. आयसीयूत इंजेक्शनं दिली, नाकातोंडावर मास्कचं मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चहा मागत होते. पुढे सप्टेंबरात त्याच्या काटोलच्या मामेभावाला स्क्रब टायफस झाला. पोरगा २६ वर्षांचा, शेतात राबणारा, कसलं दुखणं नाही. तो तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होता. दोन्ही वेळा घरच्यांना सांगितलं गेलं की फुफ्फुसात पाणी भरलंय.

त्याचे प्रश्न तीन. पाणी होतं तर सुई टोचून काढलं का नाही? उतरलं म्हणतात ते पाणी गेलं कुठे? आणि हृदयाचा जुना पेशंट दोन दिवसांत घरी, तरुण पोरगा मात्र एवढा का अडकला? मी गेली कित्येक वर्षं नागपुरात छातीच्या आजारांचं आणि आयसीयूचं काम करतोय. हे प्रश्न नातेवाईक जवळजवळ रोज विचारतात, आणि व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यांचं नीट उत्तर देणं होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

सुईचा प्रश्न आधी संपवू. सुईने जे पाणी काढतात ते फुफ्फुसाच्या बाहेर, फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधल्या आवरणात साठलेलं असतं. टीबीमध्ये होतं ते बहुधा हेच. ते एका जागी असतं, म्हणून सुई तिथवर नेता येते. तुमच्या दोन्ही पेशंटचं पाणी फुफ्फुसाच्या आत, वायुकोशांमध्ये म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये होतं. दोन्ही फुफ्फुसांत मिळून साधारण ४८ कोटी वायुकोश असतात, प्रत्येक जेमतेम पाव मिलिमीटरचा. तिथे सुई घालून काहीच निघणार नाही, उलट फुफ्फुसाला भोक पडून हवा गळेल. हे पाणी काढायचं काम एकच यंत्रणा करू शकते, ती म्हणजे वायुकोशाला आतून अस्तर लावणाऱ्या पेशी. माझं सगळं उत्तर या पेशींभोवती आहे, कारण पेशंट किती दिवसांत उठणार हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरतं.

पाणी येतं कुठून ते पाहू. वायुकोशाच्या भिंतीत केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा सगळ्यात पातळ जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी जाडीचा असतो. ऑक्सिजन आत जायला तो इतका पातळ असावाच लागतो, आणि इतका पातळ म्हणूनच धोक्याचाही. केशवाहिन्यांतून थोडं पाणी निरोगी माणसातही सतत झिरपत असतं. एर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये याचा हिशेब मांडला. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात, आणि जे थोडं बाहेर उरतं ते लसिकावाहिन्या उचलून पुन्हा मोठ्या शिरेत नेऊन सोडतात. फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांतला दाब साधारण ६ ते १२ मिलिमीटर पारा असतो. तो १८ च्या वर गेला की झिरपणं लसिकावाहिन्यांना आवरत नाही आणि भिंतीच्या मधल्या जागेत पाणी साठू लागतं. एक्स-रेवर बरगड्यांच्या कडेला बारीक आडव्या रेघा दिसतात त्या याच टप्प्याच्या. २५ च्या पुढे गेला की पाणी अस्तर ओलांडून थेट वायुकोशात उतरतं. पेशंट उठून बसतो, फेस येतो, तो या टप्प्याला. सांधेतापाने ज्यांच्या हृदयाची झडप वर्षानुवर्षं अरुंद होत गेली आहे त्यांच्या लसिकावाहिन्या सरावलेल्या असतात, म्हणून असे पेशंट बराच जास्त दाबही सोसतात. ज्याचा दाब एका रात्रीत चढतो त्याला ती सवलत मिळत नाही.

वायुकोशातलं पाणी परत जातं ते मात्र दाब उतरल्यामुळे आपोआप, असंच वैद्यकशास्त्र खूप काळ मानत आलं. हा समज १९८२ मध्ये मायकेल मॅथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर केलेल्या एका प्रयोगाने मोडला. हा प्रयोग मला फार आवडतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

त्यांनी भूल दिलेल्या मेंढीच्या फुफ्फुसाच्या एका भागात तिच्याच रक्तातून काढलेलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी, सोडलं. म्हणजे वायुकोशात आणि रक्तात प्रथिनांचं प्रमाण जवळपास सारखंच. काही तासांनी उरलेला द्राव परत ओढून तपासला. पाणी कमी झालं होतं, प्रथिनं मात्र बहुतेक तिथेच राहिली होती, त्यामुळे द्राव रक्तापेक्षा दाट झाला होता. स्टार्लिंगच्या हिशेबाने हे उलटं आहे. बाहेर जास्त प्रथिनं असतील तर रक्तातलं पाणी वायुकोशाकडे ओढलं जायला हवं. इथे पाणी ओढ झुगारून वायुकोशातून बाहेर जात होतं. याचा एकच अर्थ निघतो, की कुणीतरी ऊर्जा खर्चून ते उपसतंय. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी बशीत वाढवलेल्या वायुकोशाच्या पेशींच्या थराला फोडांसारखे फुगवटे आलेले दाखवले. पेशी वरचा द्राव स्वतःखाली ओढत होत्या आणि खाली तुंबलेल्या पाण्याने थर बशीपासून उचलला जात होता. सोडियमची वाट अडवणारं औषध घातलं की फुगवटे बसत.

या पेशी दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारच्या पातळ, पसरट, वायुकोशाचा जवळपास ९५ टक्के पृष्ठभाग व्यापणाऱ्या. दुसऱ्या प्रकारच्या गुबगुबीत, कोपऱ्यांत बसणाऱ्या. संख्येने त्या जास्त असूनही जागा ५ टक्क्यांच्या आसपासच घेतात, आणि वायुकोश मिटू नये म्हणून लागणारं सर्फॅक्टंट त्याच बनवतात. पाणी उपसण्याचं काम दोन्ही करतात. हवेकडच्या बाजूला सोडियम आत घेणारी दारं असतात, त्यांतलं मुख्य म्हणजे ज्याला आम्ही ईनॅक म्हणतो ते चॅनेल. पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडे, सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, आणि यासाठी पेशीची ऊर्जा जळते. (हा पंप शोधणाऱ्या येन्स स्कू यांना १९९७ चं नोबेल मिळालं.) सोडियम या दारातून त्या दारात गेलं की मागोमाग क्लोराइड जातं, आणि मिठापाठोपाठ पाणी. पेशी पाणी उचलत नाही, ती मीठ हलवते. पाणी मग पेशींमागच्या जागेत येतं, तिथून केशवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांतून रक्तात आणि शेवटी मूत्रपिंडांपर्यंत. तुमचा दुसरा प्रश्न होता की पाणी गेलं कुठे, त्याचं हे उत्तर. पाणी लघवीवाटे गेलं, पण आधी या अस्तरातून.

हे दार किती महत्त्वाचं आहे हे १९९६ मध्ये दिसलं. ईनॅकचा एक भाग जन्मतःच नसलेली उंदराची पिल्लं तयार केली गेली. ती जन्मल्यापासून ४० तासांच्या आत मेली, कारण त्यांच्या फुफ्फुसातलं पाणी निघालंच नाही.

आपलंही असंच असतं. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं द्रावाने भरलेली असतात, तो द्राव बाळाच्या पेशीच स्रवतात आणि फुफ्फुस वाढायला तो लागतो. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल चढतं आणि त्याच पेशी दिशा बदलतात. स्रवणं थांबतं, शोषणं सुरू होतं. कळा सुरू व्हायच्या आधीच सिझेरियन झालं तर ही अदलाबदल अर्धवट राहते. असं बाळ पहिले एक-दोन दिवस भराभरा श्वास घेतं आणि त्याला ऑक्सिजनवर ठेवावं लागतं. बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत सावरतात. ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी, वैद्यकीय कारण नसताना, मुहूर्त बघून सिझेरियन करू नका असं आम्ही सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुमचे वडील. सलाईनच्या दोन बाटल्या म्हणजे एक लिटर, आणि त्यात ९ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. कमजोर हृदयाच्या माणसाचं मूत्रपिंड हे मीठ लवकर बाहेर टाकत नाही, आणि मीठ राहिलं की पाणी राहतं. रात्री आडवं झाल्यावर पायांत आणि पोटात साठलेलं रक्त छातीकडे येतं, डाव्या बाजूच्या थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलवत नाही, मागे फुफ्फुसात दाब चढतो. म्हणून हे झटके बहुधा मध्यरात्रीनंतर येतात. त्यांच्या फुफ्फुसाला मात्र काहीही झालेलं नव्हतं. अस्तर शाबूत, पंप चालू. विहिरीला झरे एकदम फुटावेत आणि मोटर चालू असूनही पाणी वर चढावं, तशी ही स्थिती. झरे आवरले की चालू मोटर उरलेलं पाणी स्वतःच उपसते.

उपचारही हेच करतात. नायट्रोग्लिसरीन शिरा सैल करून हृदयाकडे येणारं रक्त कमी करतं. लॅसिक्सचं इंजेक्शन लघवी वाढवून दाब उतरवतं. मास्कचं मशीन पाणी फुंकून बाहेर काढतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. ते मिटू लागलेले वायुकोश दाबाने उघडे धरतं आणि हृदयावरचा भार हलका करतं. फुफ्फुसातलं पाणी प्रत्यक्ष काढायचं काम यातलं एकही औषध करत नाही. ते पेशींनीच करायचं. हृदयामुळे पाणी भरून व्हेंटिलेटरवर गेलेल्या पेशंटचा १९९९ मध्ये अभ्यास झाला होता, त्यात सुमारे तीन-चतुर्थांश जणांमध्ये ही उपसण्याची क्षमता टिकून असलेली आढळली.

मामेभावाची गोष्ट वेगळी. त्याचं हृदय उत्तम होतं, दाबही चढलेला नव्हता. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्याकडे शेतात, गवतात, झुडपांत असलेल्या चिगर माइटच्या अळ्या चावून स्क्रब टायफस होतो. त्याचा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली दिसली तर निदान सोपं होतं आणि डॉक्सीसायक्लिन वेळेत सुरू झालं तर बहुतेक जण बरे होतात. उशीर झाला तर केशवाहिन्या गळू लागतात आणि पाण्याबरोबर प्रथिनंही वायुकोशात उतरतात. त्यात शरीराची स्वतःची दाहक प्रतिक्रिया अस्तराच्या पेशी मारते. पहिल्या प्रकारच्या पातळ पेशी सगळ्यात आधी जातात. मेलेल्या पेशी आणि प्रथिनं यांचा चिकट थर वायुकोशाच्या भिंतीला बसतो, सर्फॅक्टंट निकामी होतं. जगलेल्या पेशींचंही काम मंदावतं, कारण ऑक्सिजन कमी पडला किंवा कार्बन डायऑक्साइड चढला की पेशी आपल्या पृष्ठभागावरचे सोडियम पंप आत ओढून घेतात. यालाच आम्ही एआरडीएस म्हणतो. १९६७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. डेंग्यू, मलेरिया, न्युमोनिया, सेप्सिस, अन्न श्वासनलिकेत जाणं, अशा कितीतरी वाटांनी पेशंट तिथे पोहोचतो.

व्हेंटिलेटरच्या नळीतून जो द्राव ओढून काढतात त्यावरून पुष्कळ वेळा हा फरक डोळ्यांनाही दिसतो. हृदयाच्या पेशंटचा द्राव पातळ, फेसाळ, फिकट गुलाबी असतो. एआरडीएसचा पिवळसर, चिकट, रक्तातल्या सीरमसारखा. मोजलं तर पहिल्यात प्रथिनांचं प्रमाण रक्ताच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास, दुसऱ्यात बहुधा पाऊणपट किंवा जास्त.

मेंढीवरची तीच युक्ती पुढे माणसांवर वापरली गेली. नळी घातल्या घातल्या एक नमुना, आणि चार तासांच्या आत दुसरा. दुसऱ्यात प्रथिनं दाट झाली असतील तर पाणी उपसलं जातंय, नसतील तर पंप बंद आहे. वेअर आणि मॅथे यांनी २००१ मध्ये असे ७९ पेशंट नोंदवले. ५६ टक्क्यांमध्ये उपसणं जवळपास बंद होतं आणि फक्त १३ टक्क्यांमध्ये ते पूर्ण वेगाने चालू होतं. ज्यांचं पूर्ण वेगाने चालू होतं त्यांच्यात मृत्यू कमी झाले. दोन प्रश्न विचारायचे असतात हे मी तेव्हापासून प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगतो. पाणी का आलं, आणि ते काढणारं अस्तर जिवंत आहे का?

मामेभावाचे तीन आठवडे अस्तर नव्याने घालण्यात गेले. दुसऱ्या प्रकारच्या पेशी वाढतात, उघड्या पडलेल्या भिंतीवर पसरतात आणि त्यांतल्याच काही पहिल्या प्रकारच्या होतात. हे औषधाने घाईत होत नाही. आयसीयूत त्या काळात आम्ही काय करतो, तर नव्या अस्तराला दुखापत होऊ देत नाही. व्हेंटिलेटरने छोटे श्वास द्यायचे, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे सुमारे ६ मिलिलिटर. २००० च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १२ च्या जागी ६ दिल्याने मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. गंभीर पेशंटला दिवसातून १६ तासांच्या आसपास पालथं ठेवायचं. रक्तदाब स्थिर झाला की सलाईन हात आखडून द्यायचं, कारण गळक्या केशवाहिनीतून प्रत्येक जादा थेंब फुफ्फुसात जातो. "पेशंटला काहीच देत नाही हो, नुसता झोपवून ठेवलाय" असं नातेवाईक चिडून म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, पण न देणं हाच इथे उपचार असतो.

पंपालाच औषध देऊन पळवता येणार नाही का, हा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतो. तसा प्रयत्न झाला आहे. दम्याला देतात ते साल्ब्युटामॉल प्रयोगशाळेत या पेशींचं शोषण वाढवतं. २००६ च्या एका छोट्या चाचणीत शिरेतून दिल्यावर फुफ्फुसातलं पाणी कमीही झालं. सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग २०११ मध्ये नेब्युलायझरने देऊन पाहिलं, फायदा नाही. २०१२ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत शिरेतून दिलेल्यांपैकी २८ दिवसांत ३४ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी २३ टक्के. चाचणी मध्येच थांबवली होती. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. जिथे पेशीच मेल्या आहेत तिथे पळवायला पंप उरलेला नसतो, आणि औषधाचा ताण मात्र हृदयावर पडतो. म्हणून दमा नसताना, एआरडीएसच्या पेशंटला "पाणी उतरायला" म्हणून हे औषध देऊ नये.

विंचवाचा उल्लेख इथे करायलाच हवा. आपल्या महाराष्ट्रातल्या लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. खरं तर ॲड्रेनालिन या पेशींचा पंप वाढवतं, पण त्याच वेळी रक्तवाहिन्या इतक्या आवळल्या जातात की हृदय कोलमडतं आणि पाणी पंपाला भारी पडतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी स्वस्त गोळी वापरून अशा पेशंटचे प्राण वाचवले, आणि ती पद्धत जगाने उचलली. दाब उतरवला की अस्तर आपलं काम करतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. वडिलांचं वजन रोज सकाळी, लघवीनंतर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा उशा वाढवाव्या लागल्या तर त्याच दिवशी आम्हाला गाठा, रात्रीची वाट पाहू नका. लोणचं, पापड, बाहेरचा रस्सा बंद. उन्हाळ्यात थकवा आला म्हणून सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे सवयच झाली आहे. खरा उष्माघात किंवा जुलाब असतील तर सलाईन जीव वाचवतं, तेव्हा नाकारू नका. पण लावणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, आणि हृदयाची चिठ्ठी खिशातच ठेवा.

मामेभावाला अजून जिना चढताना दम लागत असेल तर घाबरू नका. फुफ्फुसाची क्षमता पुढचे सहा महिने ते वर्षभर सुधारत राहते, आणि दम बऱ्याचदा फुफ्फुसापेक्षा झिजलेल्या स्नायूंमुळे लागतो. त्याला रोज थोडं जास्त चालवा, अंडी-डाळ पोटभर द्या, आणि तीन महिन्यांनी फुफ्फुसाची तपासणी आणि सहा मिनिटं चालण्याची टेस्ट करायला घेऊन या. चालताना बोटावरचा ऑक्सिजन ९० च्या खाली जात असेल तर मात्र तीन महिने थांबू नका, लगेच या.